नावेच्या इंजिनातील लहान गळती : शोधण्याचीही मजुरी असते

खानदेश म्हटले की केळी, कापूस आणि आग्रा रोडवरचे ट्रक डोळ्यांपुढे येतात, नाव येत नाही. तरीही आमच्या धुळे-जळगावच्या मिस्त्री बांधवांकडे अधूनमधून नावेचे इंजिन येतेच, आणि पुढेही येत राहणार. 1972 साली गुजरातेत उकाई धरण पुरे झाले आणि तापीचा फुगवटा नवापूर-नंदुरबारच्या हद्दीत शिरला. ते तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1 जुलै 1998 रोजी. तिकडे नर्मदेवर सरदार सरोवराचे दरवाजे 2017 मध्ये बंद झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचला. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या नर्मदाकाठी, मणिबेलीपासून वरच्या बाजूला, कित्येक पाड्यांना होडी किंवा लाँच हाच रस्ता आहे. किराणा त्यावरून जातो, आजारी माणूस त्यावरूनच येतो, सरकारचा तरंगता दवाखानाही त्याच पाण्यावर चालतो. अशा ठिकाणी इंजिन गरम होऊन मध्येच बंद पडले तर ट्रकसारखे बाजूला उभे करून दुसऱ्या गाडीला हात दाखवता येत नाही.

मोठी गळती कोणालाही कळते. होज पाइप फुटला, वाफ निघाली, पाणी सांडले, पाइप बदलला, काम संपले. आम्ही ज्या गळतीबद्दल लिहीत आहोत ती वेगळी. रोज सकाळी पाहावे तर टाकीत पेलाभर, अर्धा लिटर पाणी कमी. खाली ओल नाही, वाफ नाही, इंजिन चांगले ओढते. मालक पाणी भरतो आणि निघतो. महिना-दोन महिने असेच जातात, मग एक दिवस काटा लाल पट्टीत जातो. मग मिस्त्री येतो आणि पहिले वाक्य बोलतो, "हेड खोलावे लागेल."

आमचे म्हणणे एवढेच आहे की हे वाक्य शेवटी यायला हवे. हेड खोलणे म्हणजे गॅस्केट सेट नवा, हेडला फेस मारण्याचा खर्च, दोन-चार दिवसांची खोटी. आणि पुष्कळदा असे दिसते की एवढे करूनही पाणी कमी होतच राहते, कारण गळती हेडमध्ये नव्हतीच. ती तीस रुपयांच्या क्लिपमध्ये होती, नाही तर वॉटर पंपाच्या सीलमध्ये. मालकाचे पैसे गेले, मिस्त्रीचे नाव गेले, आणि ज्या गॅस्केटमध्ये दोष नव्हता ती भंगारात गेली.

आधी थेंबाचा हिशोब पाहू. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे मिनिटाला तीन मिलिलिटर, तासाला 180, आणि दिवसरात्र चालले तर चार लिटरांहून जास्त. म्हणजे रोज अर्धा लिटर जाते असे मालक सांगतो तेव्हा तासभरात वीसेक मिलिलिटर, जेमतेम दोन चमचे पाणी आपण शोधतो आहोत. तापलेल्या ब्लॉकवर पडले तर एवढे पाणी खाली पोहोचण्याआधीच सुकते. खाली ओल दिसली नाही म्हणून गळती आत आहे, असे म्हणणे म्हणूनच घाईचे आहे.

त्यामुळे पहिले काम पान्याचे नसून वहीचे. किती तास चालल्यावर किती पाणी भरले, ते आठ दिवस लिहून ठेवायला सांगावे. भरताना इंजिन थंड हवे आणि खूण एकच हवी. टाकी गळ्यापर्यंत भरणाऱ्यांचे पाणी गरम झाल्यावर फुगून बाहेर जातेच, ती गळती नव्हे. असे काही मालक आम्ही पाहिले आहेत की ज्यांच्या इंजिनात दोष काहीच नव्हता, फक्त रोज वरपर्यंत भरण्याची सवय होती. वहीतून दुसरीही एक गोष्ट कळते. चालल्यावर पाणी कमी होते की रात्री उभे असताना? रात्री उभ्या इंजिनात कमी होत असेल तर बहुधा क्लिप किंवा होजचा जोड. गरम असताना धातू आणि रबर फुगून जोड घट्ट बसतो, पहाटे थंड झाला की सैल होऊन थेंब सोडतो. दिवसा कितीही वाकून पाहा, कोरडा दिसेल. अशा ठिकाणी शागीर्दाला पहाटे पाठवावे, दुपारी नव्हे.

मग कॅप. आपल्या धंद्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू ती हीच. कॅपवर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. दाबाखाली पाणी उशिरा उकळते. शंभर अंशांना उकळणारे साधे पाणी एवढ्या दाबाखाली 120 अंशांच्या आसपास उकळते. कॅपचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग बसली की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते, वाफ होऊन निघून जाते, आणि गळतीची जागा म्हणून काही सापडतच नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांच्या पुढे जातो, तिथे कॅप कमजोर असून चालत नाही. आकडा पाहून नवी कॅप लावावी आणि पुन्हा आठ दिवस वही. जास्त आकड्याची कॅप लावून "आणखी चांगले" करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. त्याने जुना रेडिएटर आणि जुने होज यांच्यावर नको तेवढा दाब येतो.

कॅपने प्रश्न सुटला नाही तर दाब देऊन पाहावे. बाजारात यासाठी हातपंप आणि मीटर असलेले यंत्र मिळते. पण आमचे कारागीर ते घरीही बनवू शकतात. जुनी कॅप घ्यायची, मध्ये भोक पाडून मोटरसायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पक्का झाळायचा, वाटेत एक लहान मीटर, आणि सायकलचा पंप. थंड इंजिन काठोकाठ भरून कॅपवर लिहिला आहे तेवढाच दाब द्यावा, एक कणही जास्त नाही, आणि काट्याकडे वीस मिनिटे पाहत बसावे. काटा जागचा हलला नाही तर त्या घडीला तरी गळती नाही. मग इंजिन गरम करून, बंद करून, थोडे निवल्यावर हेच पुन्हा करावे. इथे ताकीद द्यायला हवी: गरम इंजिनाची कॅप अंगावर वाकून उघडू नये. आमच्याकडे चेहरा आणि हात भाजलेले मिस्त्री काही कमी नाहीत.

काटा उतरतो आहे आणि बाहेर थेंब दिसतो आहे, तर देवघेव सोपी. पण थेंब जिथे पडला ती जागा गळतीची असतेच असे नाही. ट्रकमध्ये पंखा पाणी मागे उडवतो. नावेत तर इंजिन बहुधा मागच्या बाजूला झुकते बसवलेले असते, म्हणून पाणी अंगावरून ओघळत मागेच जमते. ओल्या जागांपैकी सर्वांत वरची जागा शोधावी. त्यासाठी इंजिन आधी धुऊन, पुसून, कोरडे करावे लागते. तेलाच्या चिखलात बरबटलेल्या इंजिनावर गळती शोधणारा उस्ताद आम्ही अजून पाहिलेला नाही. कोरड्या अंगावर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर फुंकली तर थेंबाची वाट रेघेसारखी उमटते. हिरव्या रंगाच्या कूलंटपैकी बरेचसे जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली चमकते. हा दिवा विकत आणायचीही गरज नाही. खऱ्या-खोट्या नोटा पाहायला व्यापारी बंधूंच्या गल्ल्यावर असतो तोच तासभर मागून आणावा आणि अंधार पडल्यावर इंजिन पाहावे.

साधे पाणी वापरणाऱ्यांना रंग नाही, पण त्यांना दुसरी खूण मिळते. खानदेशातल्या विहिरी आणि बोअरचे पाणी जड. ते जिथे जिथे सुकते तिथे पांढरा क्षार ठेवून जाते. क्लिपच्या कडेला, हेडच्या सांध्यावर, ब्लॉकच्या अंगात ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्यांभोवती असा पांढरा पापुद्रा दिसला तर तिथे पाणी आले होते हे नक्की. वॉटर पंपाच्या पोटाखाली एक बारीक भोक असते, ते मुद्दाम ठेवलेले आहे. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर यावे आणि मालकाला कळावे, हा त्याचा उपयोग. तिथे एम-सील भरून गळती "बंद" करणारे महाभाग आहेत. पाणी मग बेअरिंगमध्ये जाते आणि पंप एक दिवस आडवा होतो.

नावेची गोष्ट इथपासून ट्रकपेक्षा वेगळी होते, आणि आमच्या मिस्त्रींची फसगत इथेच होण्याची शक्यता जास्त. ट्रकला समोरून वारा लागतो, नावेच्या इंजिनाला लागत नाही, ते लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीत बंद असते. म्हणून लाँचच्या इंजिनात पुष्कळदा रेडिएटर नसतो. त्याऐवजी नळ्यांचे एक भांडे असते. नळ्यांच्या एका बाजूने इंजिनचे स्वतःचे पाणी फिरते, दुसऱ्या बाजूने नदीचे पाणी पंपाने येऊन, गरमी घेऊन, परत नदीत जाते. या भांड्यातली एक नळी टाचणीच्या टोकाएवढी फुटली तर इंजिनचे पाणी दाबाने नदीच्या पाण्यात मिसळते आणि धुराच्या पाइपातून बाहेर पडते. एक थेंबसुद्धा नावेत पडत नाही. ब्लॉक कोरडा, हेड कोरडे, ऑइल स्वच्छ, तरी पाणी कमी. ट्रकची सवय असलेला मिस्त्री इथे शंभर टक्के हेडवर संशय घेतो.

हे भांडे तपासणे अवघड नाही. नदीचे पाणी आत घेणारा कॉक बंद करावा, त्या बाजूचे पाइप सोडून पाणी पूर्ण काढावे, आणि इंजिनच्या बाजूने वर सांगितलेला दाब द्यावा. सोडलेल्या पाइपातून थेंब आला की चोर सापडला. उलट खूणही लक्षात ठेवावी. टाकीतले पाणी कमी होण्याऐवजी वाढत असेल आणि कूलंटचा रंग फिका पडत असेल, तर नदीच आत येते आहे. पावसाळ्यात तापी-नर्मदेचे पाणी गाळ आणि बारीक वाळू घेऊन येते. ती पंपातला रबरी पंखा खाते आणि नळ्याही घासते. कोकणच्या खाडीत खारे पाणी असते, म्हणून तिथे भांड्यात जस्ताची कांडी बसवतात. नळ्यांच्या आधी कांडी झिजते आणि ती ठराविक मुदतीने बदलतात. आपल्या गोड्या पाण्यात तो त्रास कमी, गाळाचा मात्र जास्त. म्हणून जाळी रोज साफ करणे हे नावाड्याचे काम, त्यासाठी मिस्त्रीची वाट पाहू नये.

लहान होड्यांवर हे भांडेही नसते. नदीचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरून बाहेर पडते, आणि काही ठिकाणी तर हवेवर थंड होणारे शेतीचे इंजिनच बसवलेले असते, त्याला पाण्याचा प्रश्नच नाही. थेट नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात पाणी कमी पडल्याचे कधी कळणारच नाही, कारण नदी संपत नाही. तिथली गळती नावेच्या तळात जमते. तळात थोडे पाणी नेहमीच असते म्हणून कोणी लक्ष देत नाही. इंजिन बंद ठेवून तासभर आणि चालू ठेवून तासभर, असे दोन वेळा तळातले पाणी मोजावे. चालू असताना जास्त भरत असेल तर ते लाकडाच्या सांध्यातून येत नसून पाइपातून येते आहे. माणसे भरलेल्या नावेत हा फरक माहीत असणे ही गंमत नव्हे.

आता आतली गळती. दाब उतरतो, बाहेर थेंब नाही, भांडे ठीक. मग ऑइलची पट्टी काढून पाहावी. तिच्यावर किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ, चहाच्या सायीसारखा थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जाते आहे. मात्र थंडीच्या दिवसांत थोडे चालून बंद होणाऱ्या इंजिनाच्या झाकणाखाली वाफेनेही किंचित पांढरा थर धरतो, नुसत्या झाकणावरून निकाल देऊ नये. चेंबरचा नट हळूच सैल करून पाहावा. पाणी जड, ते आधी खाली बसते आणि आधी बाहेर येते. त्याउलट पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर ऑइल कूलरवर संशय घ्यावा. चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असल्याने तेल पाण्यात येते आणि बंद केल्यावर उलटे होते.

हेड गॅस्केटची परीक्षा सर्वांत शेवटी. थंड इंजिन, टाकी काठोकाठ, कॅप काढलेली, आणि वॉटर पंपाचा पट्टा उतरवलेला. इंजिन सुरू करून पहिले मिनिटभरच पाहायचे. पाणी अजून तापलेलेही नाही आणि बुडबुडे सतत येत आहेत, तर जळालेला गॅस पाण्यात शिरतो आहे. पट्टा उतरवून इंजिन याहून जास्त चालवू नये. निळे औषध असलेली एक नळीही मिळते. टाकीतून येणारी हवा त्यातून नेली आणि त्यात धुराचा वायू असेल तर औषधाचा रंग बदलतो. नोझल काढून इंजिन हाताने फिरवले आणि एखाद्या सिलिंडरमधून पाण्याचा फवारा आला तर मग शंकाच नको. नावेत मात्र हे पाणी गॅस्केटमधून न येता पाण्याने थंड होणाऱ्या धुराच्या मॅनिफोल्डमधूनही आलेले असू शकते, तेही उघडून पाहावे. पांढरा धूर आणि कमी होणारे पाणी दिसत असेल तर सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने एक फेरा फिरवून घ्यावे. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गॅस्केटच्या खर्चाची कोणाला आठवणही राहत नाही.

ज्या इंजिनात लायनरला थेट पाणी लागते तिथे आणखी एक रोग असतो. लायनर थरथरत राहतो, त्याच्या अंगावरच्या पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि वर्षानुवर्षे एकाच जागी धातू कुरतडतात. शेवटी सुईएवढे भोक पडते. गंजरोधक औषध नसलेले साधे पाणी वापरणाऱ्यांत हे जास्त दिसते. खानदेशात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे.

रस्त्यावरच्या उपायांबद्दल दोन शब्द. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवण्याची युक्ती आमच्या ड्रायव्हर मंडळींत फार जुनी आहे आणि ती चालतेही. बिजासन घाटात रात्री दोन वाजता दुसरा इलाज नसेल तर टाकावी. पण ज्या हळदीने भोक बुजते तिनेच बारीक नळ्याही बुजतात. धुळ्याला पोहोचल्यावर पाणी काढून सगळे धुतले नाही, तर पुढच्या महिन्यात तेच इंजिन दुसऱ्या कारणाने तापेल. नावेच्या भांड्याच्या नळ्या तर आणखी बारीक.

आता मजुरीचे. वर सांगितलेली तपासणी नीट केली तर अर्धा दिवस जातो, आणि शेवटी कदाचित एक क्लिप बदलली जाते. क्लिपचे तीस रुपये आणि "जे समजेल ते द्या" असे म्हणून आमचा मिस्त्री हात पुसतो. दुसरीकडे, न तपासता हेड खोलणाऱ्याला पूर्ण मजुरी मिळते. म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे वाचवणारा उपाशी आणि घालवणारा पोट भरलेला, असा हा उलटा बाजार आम्हीच चालू ठेवला आहे. तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळणारे कारागीर आधीच अडचणीत आहेत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लास्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर आले, ते डाख देऊन दुरुस्त होत नाहीत, बदलले जातात. हौदात बुडवून बुडबुडा शोधण्याचा हुन्नर ज्यांच्या हातात आहे त्यांना नवे काम हवे असेल तर ते शोधण्याच्या कामातच आहे. बिलावर "गळती तपासणी" अशी वेगळी ओळ लिहावी, रक्कम काम हातात घेण्यापूर्वी सांगावी, आणि काय काय पाहिले ते चार ओळींत लिहून द्यावे. पुढे त्याच्याकडूनच दुरुस्ती झाली तर ही रक्कम वळती करायची की नाही, ते ज्याने त्याने ठरवावे. पहिल्या चार गिऱ्हाइकांपैकी दोन कुरकुर करतील. ज्यांचे हेड एकदा उगाच खोलले गेले आहे ते मात्र करणार नाहीत.

नाव किंवा ट्रकचे मालक असलेल्या व्यापारी बंधूंनीही हे लक्षात घ्यावे. मिस्त्रीला नर्मदेच्या काठापर्यंत बोलावले तर धुळ्याहून जाण्या-येण्यातच दिवस मोडतो. तो रिकाम्या हाताने आला आणि हेड खोलून बसला, तर नाव आठवडाभर बांधलेली राहील. म्हणून बोलावण्याआधी आठ दिवसांची वही, कॅपवरचा आकडा आणि इंजिनच्या पाटीवरचा नंबर फोनवर कळवावा. निम्मे निदान तिथेच होते, आणि सोबत कोणते सील, कोणता पाइप, कोणत्या मापाची क्लिप न्यायची हे त्याला कळते.

काम झाल्यावर जुने कूलंट नदीत ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी असते. कुत्री आणि बकऱ्या ते चाटतात, आणि त्याच काठावरून पाड्यातले लोक पिण्याचे पाणी भरतात. डब्यात भरून, झाकण लावून, मुलांच्या हाताबाहेर ठेवून गावात परत आणावे. नवे भरताना पाण्याचे प्रमाण इंजिनच्या पुस्तकात दिले असेल तेच ठेवावे, आणि मिसळायला बोअरचे पाणी न घेता बॅटरीचे पाणी घ्यावे.